पंखाची नाडी कोठे पाहावी?

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आरोग्य, बालसंगोपन किंवा संतवाङ्मय असा विषय असावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तेव्हा ‘विमानाचा पंख’ हा विषय पत्रिकेत वाचून काहीजणी मनातल्या मनात हसल्या असतील. परंतु आज आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले-मुली परदेशी असतात, नातवंडांचे तोंड पाहायला आपण दहा-दहा तास विमानात बसून जातो; आणि ज्या पंखाच्या भरवशावर हा प्रवास होतो त्याच्याविषयी आपल्याला चार गोष्टीही ठाऊक नसतात. ह्या चार गोष्टी घरातल्याच वस्तूंच्या आधाराने सांगता येण्याजोग्या आहेत. तेव्हा गणिताची धास्ती कोणी घेऊ नये.

पहिली गोष्ट अशी की, विमानाचा पंख वाकतो आणि तो वाकावा अशाच बेताने केलेला असतो. वादळात ताठ उभे राहणारे झाड मोडते आणि वेत वाकून पुन्हा उभा राहतो, हे आपण पाहतोच. मोठ्या विमानाच्या पंखाचे टोक उड्डाणात माणसाच्या उंचीहूनही अधिक वर उचलले जाते. त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु वाकणे निराळे आणि थरथरत सुटणे निराळे. ह्या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘फ्लटर’ म्हणतात. शब्दशः पाहू गेल्यास तिचा अर्थ फडफड. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याची फडफड आपण रोज पाहतो; पण लुगडे सैल असते, त्याचे काही बिघडत नाही. पंख विमानाच्या अंगाला घट्ट जोडलेला असतो. तो फडफडू लागला तर काही सेकंदांत तुटू शकतो.

ही थरथर कशी सुरू होते, ते समजण्यासाठी घरातली एखादी लवचीक फूटपट्टी घ्या. तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि दुसरे खाली दाबून सोडा. ते वरखाली हलू लागेल. ह्याला आपण ‘वाक’ म्हणू. आता तेच मोकळे टोक दोन बोटांनी किंचित पिळून सोडा. पट्टीची एक कड वर, दुसरी खाली, असे हेलकावे सुरू होतील. हा ‘पीळ’. पंखालाही हे दोन्ही प्रकार असतात आणि दोहोंची गती आपापली असते. वाक सावकाश, पीळ घाईचा. विमान जमिनीवर उभे असताना हे दोघे एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. सुरू झाले तरी थोड्या वेळात आपोआप विझतात.

वारा आला की मात्र हे दोन अनोळखी पाहुणे एकमेकांशी बोलू लागतात. पंखाची पुढची कड पिळून वर झाली की वारा पंखाला अधिक जोराने वर उचलतो. ती खाली झाली की हे उचलणे कमी होते. वेग वाढत गेला की वाक आणि पीळ ह्यांच्या गती एकमेकींच्या जवळ सरकत जातात, आणि एका ठरावीक वेगाला दोघे एकाच तालात चालू लागतात. मग असे होते की, पंख वर जात असतो नेमक्या त्याच वेळी त्याची पुढची कड वर झालेली असते, आणि खाली येत असतो त्या वेळी ती खाली झालेली असते. म्हणजे ज्या दिशेला पंख चालला आहे त्याच दिशेला वारा त्याला ढकलत राहतो.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलीला आपण झोका देतो तेव्हा काय करतो? झोपाळा आपल्यापासून दूर जाऊ लागला की हात लावतो. तोच हात, तेवढ्याच जोराने, झोपाळा आपल्याकडे येत असताना लावला तर झोका मंदावतो. हात तोच आणि जोरही तोच. फरक काय तो वेळेचा. फ्लटरमध्ये वारा हा अतिशय तालबद्ध झोका देणारा होऊन बसतो, आणि त्याचा हात कधी थकत नाही, कारण विमानाचे इंजिनच त्याला वेग पुरवीत असते. आज मला जे सांगायचे आहे ते ह्या झोपाळ्यातच सगळे आले आहे. थरथर थांबवायला जोर फारसा लागत नाही. लागते ती योग्य वेळ आणि योग्य जागा. वेळ चुकली किंवा जागा चुकली, तर थांबवणारा हातच झोका देऊ लागतो.

हे ज्ञान मानवाला फुकट मिळालेले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इंग्लंडमध्ये हँडली पेज ह्या कंपनीच्या मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी उड्डाणात भयंकर हिसके देऊ लागली. लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरला चौकशीसाठी बोलावले. शेपटीवर डावीकडे आणि उजवीकडे वरखाली हलणारी दोन पाती होती आणि ती एकमेकांना नीट जोडलेली नव्हती. एक वर जाई तेव्हा दुसरे खाली, आणि विमानाचे सगळे अंग पिळवटून निघे. लँचेस्टरने सुचवलेला उपाय पाहा. विमानाचे सारे धड जाडजूड करा, असे त्याने सांगितले नाही. दोन्ही पाती एका भक्कम नळीने एकमेकांना जोडा, म्हणजे ती उलटसुलट हलणार नाहीत, एवढेच त्याने सांगितले. दुखणे सगळ्या अंगभर होते, पण औषध एका सांध्यावर पुरेसे झाले.

पुढे १९२०–३० च्या दशकात हॉलंडमधल्या फोन बाउमहाउअर आणि कोनिंग ह्या दोघांनी दाखवून दिले की, पंखाच्या मागच्या कडेवर बिजागरीने बसवलेल्या हलत्या पात्याचे वजन बिजागरीच्या मागे लोंबत असेल तर ते फडफडीला आमंत्रण देते. बिजागरीच्या पुढे थोडे वजन बसवून ते तोलले की फडफड टळते. तराजूच्या दांडीवर नेमक्या जागी अडकवलेल्या लहानशा वजनाचा हा प्रताप. इंग्लंडमध्ये फ्रेझर आणि डंकन ह्यांनी १९२८ साली ह्या विषयावर असा सविस्तर ग्रंथ लिहिला की, त्या क्षेत्रातले लोक त्याला ‘फ्लटरचे बायबल’ म्हणू लागले.

ह्या फ्रेझरसाहेबांच्या खात्याची एक हकीकत आपल्या मंडळात सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनजवळ टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, विमाने कोणत्या वेगाला फडफडतील ह्याची गणिते चालत. आजच्यासारखे संगणक तेव्हा नव्हते. हाताने फिरवायच्या गणनयंत्रांवर ही आकडेमोड करण्यासाठी युद्धसेवेत घेतलेल्या तरुण मुली बसत. त्याच खात्यात ओल्गा टॉस्की-टॉड नावाच्या गणितज्ञ बाई काम करीत. त्यांचा जन्म १९०६ सालचा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. शुद्ध गणितात, म्हणजे आकड्यांच्या निखळ तत्त्वज्ञानात, त्यांचे शिक्षण झालेले. विमान फडफडेल की नाही ह्याचे उत्तर आकड्यांच्या एका चौकोनी तक्त्यात दडलेले असते आणि ते अचूक काढायला फार मोठी आकडेमोड लागते. बाईंनी गेर्शगोरिन ह्या गणितज्ञाने १९३१ साली मांडलेल्या एका सिद्धान्ताचा उपयोग केला. तक्त्यातल्या कर्णावरच्या आकड्यांभोवती विशिष्ट त्रिज्येची वर्तुळे काढायची. उत्तरे त्या वर्तुळांच्या आतच कोठेतरी असणार, हे निश्चित. मग सगळी वर्तुळे सुरक्षित बाजूला पडली, तर नेमके उत्तर काढण्याची आवश्यकताच उरत नाही. ह्यामुळे आकडेमोडीचे पुष्कळ श्रम वाचले. पुढे १९५७ पासून त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियातील प्रख्यात ‘कॅलटेक’ संस्थेत होत्या. त्यांचे नाव आज गणिताच्या पुस्तकांत सापडते. यंत्राचे हँडल फिरवणाऱ्या मुलींची नावे मात्र फारशी कोठे सापडत नाहीत. त्यांचा एक आकडा चुकला असता तर त्याची किंमत कोणा वैमानिकाला द्यावी लागली असती, हे त्यांच्या कामाचे मोल.

इतके होऊनही संकट संपले नाही. अमेरिकेत लॉकहीड कंपनीचे ‘इलेक्ट्रा’ नावाचे चार इंजिनांचे नवे प्रवासी विमान २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सास राज्यात हवेतच मोडले. ३४ माणसे गेली. लगेच १७ मार्च १९६० रोजी इंडियाना राज्यात तसेच दुसरे विमान कोसळले. ६३ माणसे गेली. तपासात निघाले ते असे. इंजिन पंखाला ज्या आधारांवर बसवलेले असते ते आधार कमकुवत झाले, तर पंख्यासह इंजिनाचे तोंड दमलेल्या भोवऱ्यासारखे गोल गोल डुलू लागते. त्या डुलण्याची गती उतरत उतरत पंखाच्या स्वतःच्या हेलकाव्याच्या गतीशी जुळली की पंखच उखडला जातो. दोष लहानसा, पण पंखाच्या तालाशी जुळणाऱ्या जागी. नंतर इंजिनाचे आधार आणि पंख बळकट करून ती विमाने पुन्हा पूर्ण वेगाने उडू लागली.

बळकट करणे हा जुना आणि भरवशाचा उपाय खरा. पण प्रत्येक बळकटी म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे जन्मभर जाळावे लागणारे इंधन. उलट लांब, अरुंद पंख हवेतून कमी श्रमाने जातो. समुद्रपक्ष्याचा पंख पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. इंधन वाचवायचे तर पंख लांब आणि हलका हवा; आणि लांब, हलका पंख फडफडीला लवकर वश होतो. हा पेच सोडवण्यासाठी इंजिनिअरांनी असा विचार केला की, पंखाला जाड करण्याऐवजी त्याला जागरूक करावे. पंखात थरथर ओळखणारे संवेदक बसवायचे. त्यांनी संगणकाला खबर द्यायची. संगणकाने पंखाच्या मागच्या कडेवरची हलती पाती नेमक्या वेळी किंचित वरखाली करायची आणि झोपाळा थांबवायचा. बोलायला हे फार सोपे आहे. खरा प्रश्न आहे तो हा की, संवेदक कोठे बसवायचा आणि पाते कोठे?

वैद्य नाडी पाहतो तेव्हा मनगट हातात घेतो. रक्त तर सगळ्या अंगातून वाहते, पण ठोका कळतो तो काही ठरावीक जागीच. पंखाचेही तसेच आहे. आपल्यापैकी ज्या गायन शिकल्या असतील त्यांनी तंबोऱ्याची तार छेडून तिच्या बरोबर मध्यावर हलकेच बोट टेकवून पाहावे. मूळ स्वर बंद होतो, पण वरच्या सप्तकातला तोच स्वर मागे गुंजत राहतो. असे का? तारेत एकाच वेळी अनेक प्रकारची कंपने चाललेली असतात. मूळ स्वराच्या कंपनात तारेचा मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. तेथे बोट लागले की तो मरतो. वरच्या स्वराच्या कंपनात मात्र तारेचे दोन अर्धे भाग उलटसुलट हलतात आणि मध्यबिंदू अगदी स्थिर असतो. त्या स्थिर जागेला निस्पंद बिंदू म्हणतात. तेथे ठेवलेल्या बोटाला त्या कंपनाचा पत्ताच लागत नाही आणि ते कंपन थांबवण्याचे सामर्थ्यही त्याला नसते.

संवेदक बसवण्याची सारी विद्या ह्या एका तारेत आहे. ज्या कंपनाचा माग काढायचा आहे त्याच्या निस्पंद जागी संवेदक बसवला, तर तो बहिरा. पंखाच्या पिळाची स्थिर रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने, पुढची आणि मागची कड ह्यांच्या दरम्यान गेलेली असते. संवेदक नेमका तिच्यावर असेल तर त्याला वाक कळेल, पण पीळ कळणार नाही; आणि फडफड तर वाक व पीळ ह्यांच्या संगनमताने होते. म्हणून पंखाच्या टोकाशी एक संवेदक पुढच्या कडेजवळ आणि एक मागच्या कडेजवळ अशी जोडी बसवतात. दोघांच्या सांगण्याची बेरीज केली की मुख्यतः वाक कळतो, वजाबाकी केली की पीळ. दोघी जावांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून ऐकले म्हणजे घरात काय चालले आहे ते जसे बरोबर समजते, तसेच हे.

ह्याची दुसरी बाजूही तितकीच उपयोगाची आहे. पंखात इतर बारीकसारीक कंपने असतात; त्यांच्यापासून धोका नसतो. पण संवेदकाने तीही ऐकली आणि संगणक त्यांच्या मागे लागला, तर निष्कारण गोंधळ होतो. कधी तीच निरुपद्रवी कंपने चेतवली जातात. अशा वेळी शहाणा इंजिनिअर संवेदकाची जागा अशी निवडतो की, नको असलेल्या कंपनाचा निस्पंद बिंदू तेथे यावा. ज्याचे ऐकायचे नाही त्याच्या बाबतीत बहिरे होणे हीसुद्धा जागेचीच किमया आहे.

ह्या निस्पंद रेषा कागदावर आखून भागत नाही. म्हणून नवे विमान तयार झाले की त्याला मऊ आधारांवर ठेवतात, अंगभर शेकडो संवेदक चिकटवतात आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी त्याला हळूहळू निरनिराळ्या गतींनी हलवून पाहतात. शिवाय पंखातच इंधनाच्या टाक्या असतात. इंधन जळत जाईल तशी रेषा सरकते, वेगाबरोबरही ती सरकते. तेव्हा सकाळी ऐकू येणारा संवेदक दुपारी बहिरा होऊ नये, अशी जागा शोधावी लागते.

आता पाते. पंखाचे टोक सर्वांत जास्त हलते, म्हणून थरथर थांबवणारे पाते टोकाशी असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. पण टोकाशी पंख सर्वांत सडपातळ असतो. तेथे बसवलेले पाते खाली वळवले की वारा पंखाला वर उचलतो, आणि त्याच क्षणी पंखाची पुढची कड खाली पिळतो; ह्या पिळामुळे उचलणे कमी होते. वेग पुरेसा वाढला की दोन्ही परिणाम बरोबरीत येतात आणि पाते निष्फळ ठरते. त्याहून अधिक वेगाला तर उलटाच परिणाम होतो. म्हणूनच पुष्कळ मोठ्या जेट विमानांत टोकाकडची पाती जास्त वेगाच्या उड्डाणात वैमानिकाच्या कामातून काढून घेतलेली असतात. अगदी आत, धडाजवळ, बसवलेल्या पात्याला ही अडचण नाही. पण तेथे पंख मुळी हलतच नाही, तर त्या हाताने थांबवायचे काय? ह्या दोहोंच्या मधली जागा शोधणे हे खरे कौशल्य. त्यातही तेच पाते वैमानिकाला विमान वळवायला हवे असते. त्याची सगळी हालचाल वैमानिकानेच वापरली, तर थरथर थांबवायला काही शिल्लक राहत नाही. घरखर्चातून अडीअडचणीसाठी जशी आपण थोडी रक्कम बाजूला ठेवतो, तशी पात्याची थोडी हालचाल राखून ठेवावी लागते.

१९७१ साली इस्राएलचे निस्सिम ह्यांनी दाखवले की, मागच्या कडेबरोबर पुढच्या कडेवरही एक पाते असेल, तर वारा पंखाला शक्ती देण्याऐवजी पंखाकडून ती काढून घेईल अशी व्यवस्था अधिक खात्रीने करता येते. कल्पना सुंदर आहे. परंतु पुढची कड वाऱ्याला सामोरी असते. तेथील पाते हलवायला आणि धरून ठेवायला जबर यंत्रणा लागते. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक काम मागच्या कडेवरच होते.

संवेदक आणि पाते ह्यांची एकमेकांशी असलेली जागाही महत्त्वाची. दोन मुली लांब दोरी धरून ती हलवतात तेव्हा कधी दोरीत दोन झोल पडतात; एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. आता एका झोलाकडे पाहून दुसऱ्या झोलाला हात लावायचा ठरवले, तर प्रत्येक वेळी आपण उलट दिशेने ढकलू. संवेदक निस्पंद रेषेच्या एका बाजूला आणि पाते दुसऱ्या बाजूला, असे झाले की नेमका हाच घात होतो. म्हणून शक्य तोवर दोघे शेजारी असावेत. जेथे पाहायचे तेथेच हात लावायचा, हा सर्वांत सुरक्षित संसार.

राहता राहिली वेळ. समजा, पंख सेकंदाला ४ हेलकावे खातो. म्हणजे एक हेलकावा पाव सेकंदात पुरा होतो. संवेदकाने सांगणे, संगणकाने विचार करणे आणि पाते हलणे ह्या सगळ्याला हेलकाव्याच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे एका सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाइतका उशीर झाला, तरी झोका विझवण्याचे सामर्थ्य संपते. त्याहून अधिक उशीर झाला तर पाते झोका वाढवू लागते. जागा उत्तम आणि हात उशिरा, असे झाले तर जागेचा उपयोग नाही.

हे सगळे नुसते पुस्तकी नाही. २ ऑगस्ट १९७३ रोजी अमेरिकेत एका बी-५२ बाँबफेकी विमानाने, ह्या जागरूक यंत्रणेच्या बळावर, आपल्या फडफडीच्या वेगाच्याही पलीकडे १० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटर, अधिक वेगाने उड्डाण केले. यंत्रणा नसती तर ज्या वेगाला पंख थरथरत सुटला असता, त्या वेगाला तो शांत राहिला. आत माणसे बसलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या १० नॉटचे मोल कळते.

ह्याच्या उलट गोष्ट १९८० सालची. नासा ह्या संस्थेने एका वैमानिकरहित विमानाला मुद्दाम फडफडणारे पंख बसवले आणि ते थोपवण्यासाठी तशीच यंत्रणा बसवली. १२ जून रोजी उड्डाणात उजवा पंख तुटला आणि विमान कोसळले. पुढे आढळले की, संगणकाने पात्याला जेवढी हालचाल करायला सांगायचे, तेवढीचे प्रमाण चुकून निम्मे बसवले गेले होते. संवेदक जागेवर होते, पाती जागेवर होती, कल्पनाही खरी होती. एका ठिकाणी आकडा निम्मा पडला होता. टेडिंग्टनच्या मुलींची मला आठवण होते ती अशा वेळी.

प्रयत्न तेथे थांबले नाहीत. २०१३ साली एक्स-५६ ए ह्या लहानशा वैमानिकरहित विमानाने कॅलिफोर्नियात पहिले उड्डाण केले. त्याचे पंख काढून दुसरे बसवता येत; आधी ताठ, नंतर लवचीक. हेतू हाच की, पंखाच्या कडेवरील अनेक पात्यांनी फडफड थोपवण्याची परीक्षा माणसाचा जीव धोक्यात न घालता करता यावी. प्रवासी आणि मालवाहू विमानांच्या क्षेत्रात बोइंगच्या ७४७-८ मध्ये पंखातले एक नको असलेले कंपन दाबण्यासाठी टोकाकडच्या पात्यांचा असा उपयोग केला गेला, आणि त्यासाठी अमेरिकेच्या विमान प्रशासनाने खास अटी घातल्या. सर्वसाधारण नियम तर असा की, विमान ज्या कमाल वेगासाठी रचलेले असते त्याहून शेकडा १५ अधिक वेगापर्यंत फडफड होता कामा नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो नुसता इंजिनिअरांचा नाही. जागरूकतेवर किती विसंबावे? पंख हलका केला, इंधन वाचले, धूर कमी झाला, तिकीट स्वस्त झाले. हे सगळे चांगलेच. पण मग त्या पंखाचे उभे राहणे एका पहारेकऱ्यावर अवलंबून राहते. पहारेकऱ्याला डुलकी लागली तर? माझे मत विचाराल तर असे: नेहमीच्या उड्डाणात पंख स्वतःच्या बळावर उभा राहावा; पहारेकरी असावा, पण त्याच्या गैरहजेरीतही विमान घरी परत यावे. संवेदक एक असून भागणार नाही, दोन-तीन हवेत. आणि सगळे गप्प झाले, तर वैमानिकाने वेग उतरवताच पंख शांत व्हावा, इतकी शिल्लक ठेवलेली असावी. जो पंख पहारेकऱ्याशिवाय नेहमीच्या वेगालाही उभा राहू शकत नाही, तो माणसांच्या विमानाला लावण्याआधी पुष्कळ वर्षे माणसांविना उडवून पाहावा. ह्यात थोडे इंधन जास्त जळेल. ते जळू द्यावे, असे मला वाटते. १९५९ आणि १९६० साली गेलेल्या ९७ माणसांना नवे विमान किती जलद आहे हे ठाऊक होते. त्यात शिल्लक किती ठेवली आहे हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. प्रवाशाने तो प्रश्न विचारायचा नसतो. म्हणून विमान रचणाऱ्याने तो स्वतःला रोज विचारायचा असतो.

आपल्या घरांतल्या मुली आज इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयांत मोठ्या संख्येने जातात. त्यांतली एखादी उद्या अशा पंखावर संवेदकाची जागा ठरवायला बसेल. तिला गणित तर यावेच लागेल. पण कोठे ऐकावे, कोठे हात लावावा आणि केव्हा लावावा, हा विवेकही तिला लागेल. तो तिला कारखान्यात शिकवतीलच. पण त्याची सुरुवात तंबोऱ्याच्या तारेपाशी किंवा झोपाळ्यापाशी घरीच झालेली असली, तर तिचे काम पुष्कळ सोपे होईल.